पेन्सिलीची हजेरी

"नाव खोडायचं नाय. आधी घरी जाऊन यायचं."

हे म्हणताना बाईंचा उजवा हात अंबाड्याकडे जायचा. तिथे पेन्सिलीचा बोटभर तुकडा खोचलेला असायचा. तो जागेवर आहे एवढं चाचपून हात खाली यायचा. पेन्सिल नसती तर त्यांना वाक्य पुरं करता आलं असतं की नाही, याची मला शंका आहे.

निवृत्त शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. कोणी लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पोराला पाढे विचारतात, कोणी पत्रिकेतलं शुद्धलेखन तपासतात. आमच्या बाई हजेरी घ्यायच्या.

मी एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. खाली वाचनकक्ष आणि वर एक हॉल, एवढाच आमचा पसारा. बाई उस्मानपुऱ्यात राहायच्या. आयुष्यभर एका प्राथमिक शाळेत तिसरी-चौथीला शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. भाची सोबत राहायची. सकाळी दहाला आमचं दार उघडलं की "जयभीम मंडळी" म्हणत आत यायच्या, खिडकीजवळच्या खुर्चीत बसायच्या, आणि पेपर उघडण्याआधी पिशवीतून वही काढायच्या. त्या वहीत वाचनकक्षात नेमाने येणाऱ्यांची नावं होती. कोण आलं, कोण नाही, याची रोज नोंद. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मागितलीही नव्हती.

मीही त्या वहीत होतो. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण वहीत त्यांनी "ग्रंथपाल" एवढंच लिहिलं होतं, आणि हाकही तीच मारायच्या. मी एक दिवस रजा घेतली की दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलापुढे उभ्या.

"काल गैरहजर. कारण?"

"सासुरवाडीला गेलो होतो, बाई."

"चिठ्ठी आणली का बायकोची?"

सगळा वाचनकक्ष हसायचा. मी चिडल्यासारखं करायचो, पण खरं सांगतो, आपण एक दिवस आलो नाही हे कोणाच्या तरी लक्षात येतं, याचं मला बरं वाटायचं.

नावं त्या शाईने लिहायच्या आणि गैरहजेरी पेन्सिलीने. एकदा मी कारण विचारलं.

"पोरगं उशिरा आलं तर पुसता येतं," त्या म्हणाल्या. "शाईनं गैरहजर मांडलं की आलेलं पोरगंबी गैरहजरच ऱ्हातं."

माझी तऱ्हा वेगळी. मला याद्यांचा भारी सोस. पुस्तकांच्या, वर्गणीदारांच्या, दुरुस्तीला द्यायच्या खुर्च्यांच्या. आणि प्रत्येक यादीसोबत लाल पेन. एखादी ओळ लाल रेघेने खोडली की काम हातावेगळं झाल्याचं समाधान मिळतं. बाई माझ्या लाल पेनाकडे अशा बघायच्या, जसं काही मी टेबलावर सुरी ठेवली आहे.

शाळेतल्या त्यांच्या गोष्टी मी त्यांच्या तोंडूनच ऐकल्या. वर्गातलं पोर चार दिवस दिसलं नाही की शाळा सुटल्यावर बाई त्याच्या घरी. कोणी आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं असायचं, कोणी धाकट्या भावाला सांभाळत बसलेलं. कुठे चहा मिळायचा, कुठे बोलणी. एका बापाने म्हणे अंगावर कुत्रं सोडलं होतं. "कुत्रं शहाणं निघालं," बाई म्हणायच्या, "माझ्याबरोबर शाळेपर्यंत आलं."

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या हॉलमध्ये एक फिरतं प्रदर्शन आलं. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी पोलंड घेतला, तेव्हा तिथल्या एका शहरात ज्यू लोकांना कुंपण घालून एका भागात कोंडलं होतं. अशा वस्तीला घेटो म्हणत. त्या घेटोतल्या मुलांचं जगणं या प्रदर्शनात होतं. त्यांची चित्रं, चिंध्यांच्या बाहुल्या, हातात भांडं घेऊन सूपासाठी लावलेल्या रांगा, कारखान्यात मोठ्यांच्या बरोबरीने शिवणयंत्रावर बसलेली दहा-बारा वर्षांची पोरं. पुढे त्यांतल्या बहुतेकांना गाड्यांत भरून नेलं आणि मारून टाकलं. हे शेवटच्या फलकांवर होतं, थोडक्यात.

फलकांचं मराठी मी केलं होतं. पहिल्याच फलकावर "सक्तीने विभक्त केलेल्या अधिवासातील बालजीवन" असं लिहून मी स्वतःवर खूश होतो. बाईंनी ते चष्मा वरखाली करत दोनदा वाचलं.

"हे कोणत्या इयत्तेसाठी हाय?"

"सगळ्यांसाठी, बाई."

"मंग कुणालाच कळायचं नाय."

त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि खाली लिहिलं, 'गावातच एक गाव कोंडलं. त्या कोंडलेल्या गावातली ही मुलं.' मग पेन परत देत म्हणाल्या, "गावाबाहेर ठेवणं आम्हाला ठाऊक हाय, ग्रंथपाल. पण बाहेर ठेवलेल्या माणसाला निदान वाट तरी ऱ्हाती. माझा बाप त्या वाटेनं शहरात आला, म्हणून मी शिकले. ह्यांना तर वाटच ठेवली नाय."

मी तो फलक बदलून घेतला. बाकीचेही त्यांनी दोन दिवस बसून माझ्याकडून सोपे करून घेतले.

शाळांच्या मुलांना प्रदर्शन दाखवायला तिघी स्वयंसेविका ठरल्या. कॉलेजच्या दोन मुली आणि बाई. मी लगेच तक्ता केला, कोणाची पाळी सकाळी, कोणाची दुपारी. बाईंना दुपारची पाळी दिली. तक्त्यावर आपलं नाव बघून त्यांना इतका आनंद झाला की मलाच अवघडल्यासारखं झालं. "चौदा वर्षांनी माझं नाव यादीत आलं बघा," त्या म्हणाल्या.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी फलक लावून झाल्यावर त्या एका फोटोपुढे बराच वेळ उभ्या होत्या. घेटोतल्या एका वर्गाचा फोटो. खाली काही मुलांची नावं होती, रूत, दाविद, एस्तेर. बाकीच्या चेहऱ्यांसाठी एवढंच लिहिलं होतं, की यांची नावं माहीत नाहीत.

"कुणी घरी जाऊन आलं का हो ह्यांच्या?"

"बाई, घरंच राहिली नाहीत त्यांची."

त्यांचा हात अंबाड्याकडे गेला आणि या वेळी तिथेच राहिला.

"माझ्या हातून एक नाव खोडलं गेलंय," त्या म्हणाल्या. "रेहाना. तिसरीत व्हती. बाप गाद्या भरायचा. तपासणी येणार व्हती, मुख्याध्यापक म्हणले, पट साफ करा, महिनाभर न आलेली नावं काढा. मी म्हणलं, आज घरी जाऊन येते, उद्या काढते. ते म्हणले, आत्ता. मी काढलं. शाईनं. मागून कळलं, दौलताबादेला ऱ्हायला गेलेत."

"मग नंतर गेला नाहीत?"

"अर्ध्या तासाची एसटी. तीस वर्षं झाली, गेले नाय. आधी नाव खोडलं, मंग कोणत्या तोंडानं जायचं?"

मी म्हणालो, "चहा घेऊ या." अशा वेळी मी चहाच सांगतो.

प्रदर्शन सुरू झालं आणि बाई जणू नोकरीवर परत रुजू झाल्या. निळ्या काठाची पांढरी साडी, छातीला स्वयंसेवकाचा बिल्ला. त्यांनी स्वतःची एक पद्धत काढली. दारात प्रत्येक मुलाच्या हातात एक चिठ्ठी द्यायच्या. तिच्यावर बाईंच्या टपोऱ्या अक्षरात घेटोतल्या एका मुलाचं नाव. मुलाने सगळे फलक हिंडून ते मूल शोधायचं आणि त्याची एक गोष्ट लक्षात ठेवून यायची. शेवटी सगळ्यांना खाली बसवून बाई एकेक नाव वाचायच्या आणि ती चिठ्ठी असलेलं पोर उठून सांगायचं. "एस्तेरनं चिंध्यांची बाहुली केली व्हती." "दाविद टोप्या शिवायचा."

आमच्या शहरातल्या छावणी भागातून आलेला एक मुलगा म्हणाला, "बाई, आमच्या गल्लीतबी डेव्हिड हाय. त्यो गोलकीपर हाय."

"मंग घरी गेल्यावर त्याला ह्या दाविदची गोष्ट सांग," बाई म्हणाल्या.

मुलं भिंतीवरचे लांबलचक मजकूर वाचत नाहीत, हे तुम्हाला माहीत आहेच. ही मुलं मात्र फलकाला नाक लावून वाचत होती. मी ते पाहिलं होतं. म्हणून पुढे मी जे केलं त्याला माझ्याकडे सबब नाही.

तिसऱ्या दुपारी चौथीचा एक वर्ग आला होता. बाईंनी सगळ्यांना बसवलं, यादी हातात घेतली आणि पहिलं नाव वाचलं.

"रूत."

चिठ्ठीवाली मुलगी ताडकन उभी राहिली आणि तिच्या तोंडून आलं, "हजर, बाई!"

वर्गात हजेरी सुरू झाली की मुलं जे म्हणतात तेच. पोरं खुदकन हसली. मग दुसरं नाव, दुसरं पोर, "हजर, बाई!" तिसरं. हसणं हळूहळू थांबलं. बाईंना वाटलं असतं तर त्या थांबवू शकल्या असत्या. पण त्यांचा आवाजच बदलला होता. त्या एकेक नाव सावकाश वाचत होत्या, प्रत्येक नावाला एक जिवंत पोर उभं राहत होतं, आणि हॉलमध्ये दुसरा आवाज नव्हता.

प्रदर्शनासोबत दिल्लीहून संयोजक म्हणून आलेल्या मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी अगदी हळू विचारलं, सूचनांमध्ये लिहिलं आहे ते तुम्ही स्वयंसेवकांना सांगितलं होतं ना? बळी गेलेल्या मुलांची सोंगं प्रेक्षकांनी वठवू नयेत, मेलेल्यांचा त्याने अपमान होऊ शकतो, असं त्या सूचनांत होतं. ती चार पानं माझ्याकडे महिनाभर आधी आली होती. ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी वाचलीच नव्हती.

"माझी चूक, माझ्याकडून सांगायचं राहिलं," एवढंच मला म्हणायचं होतं. बाहेरच्या माणसापुढे ते जड गेलं. मी तरातरा पुढे गेलो आणि चाळीस मुलांसमोर म्हणालो, "बाई, थांबवा हे. हा काय खेळ आहे का? आपण कशाबद्दल बोलतोय याचं तरी भान ठेवा."

बाई उभ्या होत्या तिथेच थांबल्या. मुलं एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघू लागली.

"मी म्हणायला लावलं नाय," त्या म्हणाल्या. "पोरांच्या तोंडून आपसूक आलं."

"पण तुम्ही चालू तर ठेवलंत ना?"

त्यांनी यादीची घडी घातली. "बरं, सर."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा सर म्हटलं. मी मुलांकडून चिठ्ठ्या गोळा केल्या. रूतची चिठ्ठी असलेली मुलगी ती द्यायला तयार नव्हती. मी तिच्या मुठीतून काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या नाहीत. सकाळी पेपरलाही नाही आणि दुपारच्या पाळीलाही नाही. मी म्हटलं, राग आला असेल, उतरेल. त्यांच्या जुन्या फोनवर एकदा फोन लावला. घंटा वाजत राहिली, कोणी उचलला नाही, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी लिहायला नको, पण ते खरं आहे.

तिसऱ्या दिवशी शाळांची गर्दी वाढली. मी कॉलेजची आणखी एक मुलगी बोलावली, तक्ता पुढे ओढला, लाल पेनाने बाईंचं नाव खोडलं आणि वर त्या मुलीचं लिहिलं. काम हातावेगळं झालं.

आमच्या वाचनालयापासून उस्मानपुरा स्कूटरवर पंधरा मिनिटं.

प्रदर्शन संपलं. फलक खोक्यांत भरून पुढच्या शहराला गेले. खिडकीजवळच्या खुर्चीत एक स्पर्धा परीक्षेवाला मुलगा बसू लागला. मी रोज ठरवायचो, या रविवारी जाऊन येऊ. रविवार आला की वाटायचं, आता इतके दिवस झाले, जाऊन बोलणार काय? दोन महिने असेच गेले.

मग एका सकाळी पेपर लावताना आतल्या पानावर बाईंचा फोटो दिसला. छोटासा, चौकटीतला. खाली पुण्यानुमोदनाचा, म्हणजे मृत्यूनंतरच्या बौद्ध विधीचा, दिवस आणि उस्मानपुऱ्यातला पत्ता.

मी त्याच दिवशी गेलो. दार भाचीने उघडलं. पन्नाशीची, बाईंसारखंच अरुंद कपाळ असलेली. भिंतीवर बुद्ध, बाबासाहेब, आणि त्यांच्या खालच्या फळीवर बाईंचा तोच फोटो. मी वाचनालयातून आलो असं सांगितलं.

"ग्रंथपाल का तुम्ही?"

मी मान हलवली.

"लई वाट बघितली तुमची मावशीनं," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. त्या प्रसंगाच्या दुसऱ्या दिवशी बाई सकाळी लवकर तयार झाल्या होत्या. रागबिग काही नव्हता. उलट भाचीला म्हणाल्या होत्या, चूक माझीच व्हती, पोरांना आधी सांगायला पायजे व्हतं, ग्रंथपालांना उगाच खाली बघावं लागलं. आणि म्हणाल्या, एक ऱ्हायलेलं काम करून येते दौलताबादेचं, दुपारची पाळी हाय माझी, त्याच्या आत येते.

काम झालं होतं. गाद्यावाल्याचं घर विचारत विचारत बाई किल्ल्याखाली पोचल्या, तर रेहाना तिथे पेरूची टोपली घेऊन बसलेली. तिच्या मुली शाळेत होत्या. तिने बाईंना लगेच ओळखलं. बाई तिला म्हणाल्या, "तुझं नाव मी खोडलं व्हतं. ते सांगायला आले." रेहानाला त्यातलं काही समजलं नाही. तिने पदरात पेरू घातले आणि एसटीपर्यंत सोडायला आली. पाळीची वेळ गाठायची म्हणून बाई घाईने गाडीत चढायला गेल्या आणि पायरीवरून पडल्या. खुबा मोडला. रेहानानेच रिक्षा करून त्यांना शहरात आणलं. ऑपरेशन झालं, पण त्या पुन्हा उठल्या नाहीत. शेवटी छातीत कफ साठला.

"रेहाना दर आठवड्याला यायची," भाची म्हणाली. "तुम्हाला फोन करू का, असं मी मावशीला दोनदा विचारलं. तर म्हणाली, नको. मी पाळीला गेले नाय, त्यांच्या यादीत नाव हाय माझं. खोडायच्या आधी येतीलच ते घरी."

मी पाण्याचा पेला हातात धरून बसलो होतो. प्यायचं भान नव्हतं. मला तिला सांगायचं होतं की मी ते नाव तिसऱ्याच दिवशी खोडलं. मी सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदाच लिहितो आहे.

निघताना भाचीने बाईंची वही माझ्यापुढे केली. "यात तुमच्याकडच्याच लोकांची नावं दिसतात. तुमच्याजवळ ठेवा."

मी वही दारातच उघडली. शेवटच्या पानांवर वाचनकक्षातली नावं नव्हती. अंथरुणावर पडल्यापासून बाईंनी नवं पान केलं होतं. अक्षर हललेलं. वर तारखा, आणि खाली फक्त दोन नावं, शाईने. पहिलं रेहाना. तिच्यापुढे जागोजागी शाईने 'हजर'.

दुसरं ग्रंथपाल. त्याच्यापुढे रोज एक, एकही दिवस न चुकवता, 'गैरहजर', 'गैरहजर'. सगळे पेन्सिलीने.